कंडक्टरची जागा

धाकटा कागदावर बस काढायला बसला की आधी कंडक्टर काढायचा. ऑफिसातले बाकीचे ड्राफ्ट्समन चाकांपासून सुरुवात करत, आणि तसं करणंच शहाणपणाचं. पण धाकट्याचं सगळंच उलटं. त्याचं म्हणणं असं, की कंडक्टर कुठे उभा राहणार ते ठरलं की दार ठरतं, दार ठरलं की बाकं ठरतात, आणि चाकांचं काय, ती उरलेल्या जागेत बसतात. साहेब आधी हसले. त्याच्या हातची दोन मॉडेलं रस्त्यावर आल्यावर हसायचे थांबले.

हा कंडक्टर म्हणजे पुठ्ठ्याचा एक वीतभर माणूस होता. खांद्यात, कमरेत आणि गुडघ्यात टाचण्या मारलेल्या, त्यामुळे हवा तसा वाकायचा. मापं दादाची, म्हणजे धाकट्याच्या थोरल्या भावाची. दादा खराखुरा कंडक्टर होता. धाकट्याला बस बांधणीच्या कारखान्यात नोकरी लागली त्या वर्षी त्याने दादाला घरातल्या फरशीवर कागद अंथरून आडवा पाडला आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली.

"भाऊजी, पोट जरा आत घेऊन काढा हो," वहिनी दारातून म्हणाली. "शहरभर फिरणार आहे ते."

दादाला हसू आवरेना आणि रेघ बगलेपाशी हलली. ती हललेली रेघ लहान होऊन पुठ्ठ्यावर आली आणि त्या शहरातल्या प्रत्येक बसचं माप तिच्यावरून ठरलं. हे बसमधून फिरणाऱ्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांचं काही बिघडलंही नाही.

तेव्हाच्या बसला नाक होतं. पुढे लांबलचक बॉनेट, त्याखाली इंजिन, आणि मागे उघडा ओटा. त्या ओट्यावर दांडा धरून दादा उभा. पाऊस आला की अर्धा भिजायचा, ऊन आलं की अर्धा भाजायचा, पण रुबाब पूर्ण असायचा. धावत येणाऱ्या कोणाला हात द्यायचा आणि कोणाला "मागची रिकामी आहे" म्हणून थाप मारायची, हे त्याच्या मर्जीवर. मागची रिकामी कधीच नसायची. मग त्याने पत्र्यावर दोन थापा, म्हणजे डबल, दिली की ड्रायव्हर मागे न बघता गाडी सोडायचा.

मग नाक गेलं. इंजिन आत, ड्रायव्हरच्या मांडीशी आलं आणि बाहेरून बस पावाच्या लादीसारखी चौकोनी दिसू लागली. लाकडी सांगाड्याच्या जागी ॲल्युमिनियम आलं, कोपरे गोल झाले, चामडी पट्ट्याने खाली सोडायच्या काचा बाजूला सरकू लागल्या. ओट्यावरून माणसं पडत, एकदा एक शाळकरी मुलगी पडली, म्हणून त्याच्या पुढच्या मॉडेलात धाकट्याने ओट्याला दार लावलं. दादा "कोंडलंस मला" एवढंच म्हणाला आणि बरेच दिवस त्याच्याशी बोलला नाही.

ते धाकट्याच्या मनाला फार लागलं. पुढच्या खेपेला तो साहेबांशी हमरीतुमरीवर आला आणि एका उतारूची जागा कापून दाराशेजारी कंडक्टरची बैठक काढली. पाठीला टेकू, पायाला आडवी दांडी. दादा तिच्यावर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने नुसतं बूड हलवून पाहिलं. घरी जाऊन मात्र बायकोला म्हणाला, "भावाने खुर्ची दिली मला." वहिनीने ते धाकट्याला सांगितलं, आणि एवढा बाप्या माणूस तोंड फिरवून चष्मा पुसत बसला.

आता नव्या मॉडेलची वेळ आली. साहेबांनी धाकट्याला केबिनमध्ये बोलावलं.

"इंजिन मागे न्या. तळ खाली आणा, रस्त्यावरून सरळ पाय आत पडला पाहिजे. दार पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. तिकीट तोच देईल."

"आणि कंडक्टर?"

"तो प्रश्न आपला नाही. आपण बस काढतो."

धाकटा टेबलाशी आला. सवयीने पुठ्ठ्याचा माणूस कागदावर ठेवला आणि तसाच बसून राहिला. मागे ठेवावा तर तिथे इंजिन. पुढे ठेवावा तर दार. शेवटी त्याने तो खणात टाकला आणि जन्मात पहिल्यांदा चाकांपासून सुरुवात केली.

बस चांगली होत होती, हेच वाईट होतं. वाईट झाली असती तर भांडता आलं असतं. म्हाताऱ्या बायका कोणाचा हात न धरता चढणार होत्या, बाळाची गाडी आत ढकलता येणार होती, गरम इंजिनाचा वास कोणाच्या नाकात जाणार नव्हता. आणि कंडक्टरांना डेपोत, गाड्यांच्या धुलाईच्या शेडमध्ये पाठवणार होते. दादाच्या पेन्शनीला अजून काही वर्षं होती.

दादाला हे आपणच सांगायचं, दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढं धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं. पक्कं करण्यात तो पटाईत होता. दर रविवारी तो दादाकडे जेवायला जायचा आणि दर रविवारी पहिला घास तोंडात गेला की शब्द पोटात जायचे.

"भाऊजी," एकदा वहिनी वाढता वाढता म्हणाली, "नव्या गाडीत यांची बैठक जरा रुंद करा. कंबर धरते हल्ली."

"अगं, त्याला त्याचं काम करू दे," दादा म्हणाला, पण त्याचे कान धाकट्याकडेच होते.

आता सांगायला हवं होतं. याहून सरळ वाट कोणी करून दिली नसती.

"बघतो," धाकटा म्हणाला.

कारखान्याची एक पद्धत होती. पत्रा कापण्याआधी सुतारमिस्त्री पूर्ण मापाचा लाकडी नमुना उभा करायचे, आणि तो तयार झाला की डेपोत निरोप जायचा, कंडक्टरला पाठवा. मग दादा यायचा, उभा राहायचा, बसायचा, वाकायचा, आणि मिस्त्री खडूने खुणा करायचे. या नमुन्यातही मिस्त्रींनी शेवटचा खिळा ठोकला आणि हात पुसत डेपोत निरोप धाडला. कंडक्टर नसलेल्या बससाठी कंडक्टरला बोलावणं गेलं. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, धाकट्याच्यासुद्धा नाही.

दादा आला तो इस्त्रीचा गणवेश घालून, खांद्याला चामडी पिशवी लावून. साहेब होते, चार इंजिनिअर होते. धाकटा घाईने पुढे झाला.

"दादा, जरा थांब, मला तुझ्याशी…"

"नंतर बोलू रे. आधी काम." दादा सहज पाऊल टाकून आत गेला. "वा! चढल्याचं कळलंसुद्धा नाही!"

तो मागे गेला. मागे सबंध फळी होती, इंजिनाची. तिच्यावर त्याने हात फिरवला, दार शोधावं तसा. मग बाकांच्या मधून पुढे आला आणि त्याने पुढच्या दारापाशी उभं राहून पाहिलं. तिथे तो कोणाच्याही वाटेत आला असता.

"मिस्त्री, कुठे उभा राहू?"

मिस्त्री हातात खडू घेऊन उभे होते. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, मग धाकट्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. साहेबांनी घड्याळ पाहून काढता पाय घेतला.

दादाने सगळ्यांची तोंडं वाचली. गाडीभर माणसांतून फुकट्या हुडकणारा माणूस तो, त्याला किती वेळ लागणार? तो एका उतारूच्या बाकावर बसला, पिशवी मांडीवर घेतली, आणि धाकट्याला म्हणाला, "केव्हापासून माहीत होतं?"

"दादा, मी सांगणारच होतो."

"तिने बैठक रुंद करायला सांगितली, तेव्हा माहीत होतं?"

धाकटा बाकाच्या फळीतला खिळा नखाने खरवडू लागला.

"जागा गेली त्याचं सोड. ती तुझ्या हातात नव्हती," दादा म्हणाला. "पण घरी जेवायला बसून 'बघतो' म्हणालास. ती बिचारी तेव्हापासून गादी शिवतेय, तुझ्या बैठकीवर घालायला."

तो उठला आणि दारातून उतरला. उतरल्याचंही कळलं नाही, इतकी ती बस चांगली होती.

दादा धुलाईच्या शेडमध्ये गेला नाही. राजीनामा देऊन घरी बसला. रविवारी धाकटा गेला की तो आतल्या खोलीत झोपलेला असायचा. वहिनी पाणी द्यायची आणि इकडचंतिकडचं बोलायची. पुढे धाकट्यालाच जायचं धैर्य होईना. बसमध्ये मात्र दादा त्यानंतर चढला नाही. बाजार असो की दवाखाना, कंबर धरून पायी जायचा.

नवी बस रस्त्यावर आली. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. एका दुपारी धाकटा तिच्यातून घरी चालला होता, तेव्हा त्याला फुटपाथवरून पिशवी घेऊन चाललेला दादा दिसला. चाल अर्ध्यावर आली होती. चार पावलं टाकायचा, भिंतीला हात लावून उभा राहायचा. ड्रायव्हरनेही त्याला ओळखलं. त्याने आणि दादाने उभा जन्म एका गाडीवर काढला होता. थांबा नव्हता तरी त्याने गाडी कडेला घेतली आणि दार उघडलं.

"दादा, या! ऊन बघा काय आहे!"

दादा गाडीजवळ आला. आत पाहिलं. पहिल्याच बाकावर धाकटा होता, तो धडपडत उठला.

"दादा, ये ना. बस इथे. मी उभा राहतो."

दादाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर धाकट्याने पाय धरले असते. दादाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रिकाम्या झालेल्या हाताने बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, ठण ठण.

दार मिटलं. गाडी सुटली.

"अहो, थांबवा! भाऊ आहे माझा!" धाकटा ओरडला.

"डबल दिली ना त्यांनी," ड्रायव्हर म्हणाला, आणि मग आपण काय केलं ते त्याला कळलं.