परवानगीचा रकाना

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टमध्ये काचेमागे जे कार्ड लावलेलं असतं, त्यावर 'तपासले, चालू' एवढे दोन शब्द आणि खाली त्यांची आखडती सही असे. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी घरात येरझारा घालून आईचं डोकं खाल्लं आणि मग एका सकाळी ड्रोन घेऊन आले.

"जन्मभर बंद पेटीत वर-खाली केलं," ते म्हणाले. "आता जरा उघड्यावर वर जातो."

"जा," आई म्हणाली. "पण कपडे वाळत असतील तेव्हा नको."

बाबांनी आधी नियम वाचले, मग खोका उघडला. मैदानावरून बंदी, बागेतून बंदी, शाळेजवळून बंदी. खासगी जागेवरून उडवायला हरकत नाही, मात्र जागेच्या मालकाची परवानगी हवी. इथे बाबा अडले. घर आईच्या नावावर होतं, टेलिफोन खात्यातल्या तिच्या पगारातून घेतलेलं. दुसरा कुणी हसून पुढे गेला असता. बाबांनी लांबट वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, वारा, बॅटरी, परवानगी, शेरा. दर रविवारी सकाळी दहाला ते वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत.

"मालकीणबाई, परवानगी आहे का?"

"नाही दिली तर?"

"तर नाही उडणार."

"मग भाजी चिरायला बसाल?"

"ते नियमात नाही."

आई ओल्या हातानेच सही करायची. शाई फुटायची. त्यावर फुंकर घालत बाबा अंगणात जायचे, प्लायवूडचा चौकोनी तुकडा मधोमध ठेवायचे, त्यावर ड्रोन. भिंतीपलीकडच्या शिंपीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या टकलावरून गेलास तर कात्री फेकून मारीन." बाबांनी हद्द कधी ओलांडली नाही. वर्षभराने काकांनीच जाड कापडाची पिशवी शिवून दिली, आत ड्रोनच्या पात्यांसाठी वेगळे कप्पे करून.

आई गेली तेव्हा बाबांनी घर मुलीच्या नावावर करून टाकलं. "मला मालकी काय करायचीय? मला अंगण पुरे." मुलगी दुसऱ्या शहरात ग्रंथपाल होती. त्या आठवड्यापासून रविवारी दहाला तिचा फोन वाजू लागला.

"मालकीणबाई, परवानगी आहे का?"

पहिल्यांदा ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "आहे, आहे." पुढे पुढे म्हणू लागली, "बाबा, त्यात विचारायचं काय?"

"विचारावं लागतं."

रविवारी वाचनालयात पुस्तकं बदलणाऱ्यांची रांग दारापर्यंत जायची. काउंटरवर फोन थरथरला की ती नाव बघायची आणि तो पालथा घालायची. प्रश्न माहीत होता, उत्तरही माहीत होतं. संध्याकाळी ती सावकाश फोन करायची. बाबा हवापाण्याचं बोलायचे, तिच्या खोकल्याची चौकशी करायचे. सकाळचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

बाबांना जाऊन आता पाच महिने झाले होते. घर एका दातांच्या डॉक्टरबाईंनी घेतलं. शुक्रवारी कागद झाले, आणि रविवारी संध्याकाळी किल्ली द्यायची होती. त्या रविवारी सकाळी मुलगी रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून शेवटची पिशवी उघडत होती. काकांनी शिवलेली तीच. पात्यांच्या कप्प्यामागे वही निघाली.

आईच्या फुटलेल्या सह्या ओळीने होत्या. त्या संपल्या तिथून पुढे बाबांच्या अक्षरात, 'मुलीची, फोनवर'. मग एक ओळ वेगळी आली.

'वारा मंद. बॅटरी पूर्ण.' परवानगीचा रकाना कोरा. शेरा: 'उड्डाण रद्द.'

तिने पान उलटलं. पुन्हा तेच. वारा नाही, आभाळ स्वच्छ, बॅटरी पूर्ण, उड्डाण रद्द. ती मोजू लागली आणि नवव्या ओळीवर थांबली. पुढे आणखी पानं होती.

"आवरलं का गं?" शिंपीकाका गळ्यात टेप अडकवून दारात उभे होते.

"काका, मी फोन उचलला नाही की बाबा काय करायचे?"

काकांनी चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली. "काय करणार? पायरीवर बसायचा. मी विचारायचो, आज विमान नाही का? तर म्हणे, मालकीणबाई कामात आहेत. मी म्हटलं, अरे लेका, पोटची पोर आहे, उडव की. तर मलाच म्हणाला, तू माप न घेता कापड कापतोस का?"

"किती वेळ बसायचे?"

"ऊन पायरीवर येईपर्यंत." मग म्हणाले, "तू नको मनाला लावून घेऊस. चहा प्यायला माझ्याकडेच यायचा तो."

तिने पेन काढलं. ते पहिल्या कोऱ्या चौकोनावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"कर सही," काका म्हणाले. "तुझी परवानगी होतीच ना?"

होतीच. पण तिला आठवलं, एकदा एका इमारतीची लिफ्ट कोसळता कोसळता राहिली, तेव्हा वरच्या साहेबांनी बाबांना गेल्या महिन्याच्या कार्डावर सही करायला सांगितलं होतं. बाबांनी केली नाही. त्यांची बदली झाली, आणि दोन वर्षं ते शनिवारी रात्री घरी येत आणि रविवारी परत जात. ती तेव्हा शाळेत होती. मागच्या तारखेची सही म्हणजे काय, हे त्यांनी तिला जेवताना समजावलं होतं: आपण तिथे नव्हतो, तरी होतो म्हणायचं.

तिने पेनाला टोपण लावलं.

"काका, ड्रोन एकदा उडवते. बाबांनी शिकवलंय मला."

"मग उडव. किल्ली अजून तुझ्याच खिशात आहे."

"कागद शुक्रवारी झाले."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बापावर गेलीस बघ."

प्लायवूडचा तुकडा तिने अंगणाच्या मधोमध ठेवला. बॅटरी चढवली, चारही दिवे लागले. डॉक्टरबाईंना फोन लावला. तो वाजत राहिला आणि बंद झाला. ती पायरीवर बसली. काका भिंतीला टेकून उभे राहिले, मग कंटाळून दुकानात गेले. वारा मंद होता. झाडाचं पान हलत नव्हतं. असं हातात सगळं तयार घेऊन बसलं की माणूस फोनकडे बघत नाही, फोन ठेवलेल्या जागेच्या जरा बाजूला बघतो, हे तिला त्या दिवशी कळलं. ऊन अंगणातून सरकत तिच्या पावलांपर्यंत आलं.

मग फोन वाजला.

"सॉरी हं, पेशंट खुर्चीत होता. किल्लीचं काही अडलं का?"

"नाही. अंगणातून ड्रोन उडवायचा होता. वडिलांचा. तुमची परवानगी आहे का?"

पलीकडे डॉक्टरबाई हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. "अहो, त्यात विचारायचं काय?"

तिने पावलांशी आलेल्या उन्हाकडे पाहिलं.

"हॅलो?"

"विचारावं लागतं," ती म्हणाली.

"मग आहे की परवानगी. खुशाल उडवा."

ड्रोन सरळ वर गेला, बाबांचा जायचा तसा, जरा डावीकडे झुकून. आवाज ऐकून काका गळ्यातल्या टेपसकट धावत आले आणि टकलावर हात ठेवून उभे राहिले. हातातल्या रिमोटच्या पडद्यावर घर लहान होत गेलं: कौलं, कपड्यांची रिकामी तार, भिंतीची हद्द, आणि हद्दीच्या आत उभी असलेली ती स्वतः. बाबांना दर रविवारी हे एवढंच दिसत असणार. त्यासाठी ते विचारत होते.

ड्रोन प्लायवूडवर उतरला तेव्हा पायरी पूर्ण उन्हात होती. तिने वही मांडीवर घेतली. मागचे कोरे चौकोन कोरेच ठेवले. नव्या ओळीवर तारीख घातली. वारा मंद. बॅटरी पूर्ण. परवानगीच्या रकान्यात लिहिलं, 'डॉक्टरबाईंची, फोनवर.' शेऱ्याशी ती बराच वेळ अडखळली. मग लिहिलं, 'तपासले, चालू.' आणि खाली आपली सही केली.