बर्फाची दुलई

"गनीचाचा, उद्यापासून हा बर्फाचा खोका आणू नका."

बुलढाण्याच्या दवाखान्याचे कंपाउंडर अनंतराव हळूच बोलले, तरी ते अब्दुल गनींच्या जिव्हारी लागलं. कोपऱ्यात नवंकोरं पांढरं कपाट उभं होतं. त्याच्या पोटाखाली रॉकेलचा दिवा जळत होता आणि आत म्हणे बर्फ होत होता.

"दिव्यानं बर्फ होते?"

"हाव ना. मीबी पाहूनच राह्यलो."

गनींनी वाकून दिवा पाहिला, कपाटाच्या आत हात घातला. चांगलं काम ते लगेच ओळखत. "बेस आहे," एवढंच म्हणाले आणि रिकामा खोका घेऊन नांदुऱ्याच्या मोटारीत बसले.

बावीस वर्षांपूर्वी हाच रस्ता टांग्याचा होता. रेल्वेनं नांदुऱ्याला आलेली बर्फाची लादी लाकडाच्या भुशात दडपून निघायची. मोताळा ओलांडून घाट चढेपर्यंत अर्धी वाटेतच वितळायची आणि उरलेली भुशानं बरबटायची. त्या वैशाखात गनींची बायको बिलकिस याच दवाखान्यात तापानं फणफणली होती. एक तुकडा तोंडात द्या, म्हणून विनवत होती. डॉक्टर म्हणाले, हा घाण बर्फ कपाळावर ठेवा, पोटात नको.

गनी पिंजारी. दुलई स्वतः ऊब देत नाही, आत जे असेल ते राखते, हे त्यांना पक्कं ठाऊक. घरात उत्तम कापूस एकाच जागी होता, बिलकिसच्या माहेरच्या दुलईत. त्यांनी ती उसवली, कापूस नव्यानं पिंजला, लाकडी खोक्यात पत्र्याचा डबा बसवला आणि मधल्या पोकळीत तो कापूस भरला.

"काऊन बे गनी, बर्फाले थंडी वाजून राह्यली का?" कडूबा हमाल ओरडला. अख्खा फलाट हसला.

पण लादी बुलढाण्याला काचेसारखी स्वच्छ पोचली. बिलकिसनं तुकडा कडकन चावला आणि डोळे मिटले. त्या आवाजाचं सुख गनींना पुन्हा कशात मिळालं नाही. तेव्हापासून दवाखान्याचा बर्फ गनींच्या याच खोक्यातून येऊ लागला.

बरी होऊन घरी आल्यावर तिनं दुलई ठेवायची पेटी उघडली, आणि मग गनींची खैर नव्हती.

"माही माहेरची दुलई बर्फाले पांघरली?"

"दवाखान्याले याच्याहून बरं काही भेटलं का, तुही दुलई तुले वापस भरून देतो."

"जबान?"

"जबान."

दर हिवाळ्यात ती विचारायची, "गुलनारच्या अब्बा, भेटलं का काही बरं?" गनी म्हणायचे, "नाही अजून." खरं सांगायचं तर हे सांगताना त्यांची छाती फुगायची.

मागच्या पौषात बिलकिस गेली. अंगावर घोंगडी होती.

आज दवाखान्यातून घरी येताच गनींनी खोका फोडला. कापूस पिवळसर पडला होता, पण कोरडा होता. किती तरी दिवसांनी कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजू लागली, तशी शेजारची तानुबाई दारात आली.

"कोणाची दुलई भरून राह्यले, चाचा?"

"बिलकिसची. द्याची राहून गेली."

तिसऱ्या दिवशी शेवटचा टाका पडला. गनींनी दुलई तिच्या रिकाम्या खाटेवर पसरली, चारही कोपरे नीट केले आणि आपल्या अंगावर घोंगडी ओढून घेतली.