तार सुटलेली कथा

हेमलताबाई बिवलकरांच्या कथा पातेल्यात लागायच्या. कोमट दुधाला दिवसभरात पाहिलेलं-ऐकलेलं सांगायचं, विरजण म्हणून चमचाभर जुनी कथा घालायची आणि झाकण ठेवायचं. सकाळी कथा तयार, वर सायीसारखं शीर्षक. डावाने कागदावर काढली की रवाना. लोक म्हणत, बाईंना सुचतं तरी कसं! सुचतं कसलं डोंबलाचं!

यंदा दिवाळी अंकासाठी झाकण काढलं आणि बाई दोन पावलं मागे सरल्या. कथेला तार सुटली होती. डाव उचलला तर नायिका शेंबडासारखी लोंबत राहिली. वर तोंडाने गेल्या वर्षीचीच वाक्यं बडबडत होती.

"शी! हे मी लिहिलंय?"

"ओत मोरीत," नाकाला पंचा लावून नवरा, अनंतराव, म्हणाले.

"अहो, विरजण एवढंच आहे. हे गेलं की माझं लिहिणं गेलं."

"मग दे पाठवून. वास घेऊन कोण वाचतंय?"

तेवढ्यात संपादक गुळवण्यांचा फोन आला. "बाई, नेहमीचीच चव हवी हं! वाचक वाट बघतायत." ते बोलत होते तसं फोनच्या भोकांतून पांढरं, चिकट काहीतरी बाईंच्या कानात गळत होतं. बाईंनी पदराने कान पुसला, फोन ठेवला आणि पातेलं मोरीत उपडं केलं.

नायिका जाता जाईना. मेलीने जाळीला घट्ट धरून ठेवलं. बाईंनी हातानेच तिचं एकेक बोट सोडवलं आणि वरून कढत पाणी ओतलं.

मग ताजं दूध घेतलं. त्याला होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. विरजण नसलं की मिरचीचे देठ टाकतात, तेही टाकले. लिंबू पिळलं. दूध आपलं दूधच. बाईंना रडू फुटलं. बुळबुळीत का होईना, होतं तरी काहीतरी!

डोळे पुसायला हात वर नेला तर भपकारा आला. नखांत ती कथा अजून होती. किळसेने अंगावर काटा आला. पण आंबट ते आंबटच. बाईंनी श्वास रोखून हात मनगटापर्यंत दुधात घातला.

हळूहळू दूध दाटलं. पहिलं वाक्य बोटांना लागलं. असलं वाक्य बाईंनी जन्मात लिहिलं नव्हतं. त्याला घाण वास होता, पण तो ताजा होता. त्यांनी हात काढून पाहिला, निघेना. दूध कोपरापर्यंत चढलं.

"चहा टाकतेस ना?" म्हणत अनंतराव आत आले आणि पातेलं सरकवायला वाकले.

"हलवू नका," बाई म्हणाल्या. "लागतंय."

दूध खांद्याशी आलं होतं. वर साय धरत होती. अनंतरावांनी चष्मा लावला. सायीवर शीर्षक उमटत होतं: 'अनंतराव'.