कोपीतली डाळफळं

सुकन्या शेवगावच्या एसटी आगारात कंडक्टर होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिची गाडी स्टँडात लागायची आणि तिकिटाचं मशीन जमा करून घरी पोचेपर्यंत चांगलाच अंधार पडलेला असायचा. अंगावरची खाकी न बदलताच ती कणीक मळायला घ्यायची. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर तवा. पण पहिली चपाती फुगेपर्यंत पाच वर्षांचा आदिनाथ टीव्हीसमोरच आडवा झालेला असायचा. त्याला उठवून बसवलं की तो एक घास गालात धरून पेंगायचा. मग सुकन्या त्याचं तोंड पुसून त्याला तसाच अंथरुणावर नेऊन टाकायची.

तिचा नवरा कल्याण ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होता. तो तिच्या आधी घरी यायचा. शेजारच्या दगडाबाईंकडे थांबलेल्या पोरांना घेऊन यायचा, हातपाय धुवायचा आणि पोरं भुकेनं कुरकुरायला लागली की कोपऱ्यावरून भेळ नाहीतर चिप्सची पुडी आणायचा. स्वयंपाक सुकन्या आल्यावर व्हायचा. तो तसाच व्हायला पाहिजे असं कुणी ठरवलेलं नव्हतं. दुसरं काही असू शकतं हेही कुणाच्या मनात आलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर बालवाडीच्या बाईंनी सुकन्याला बोलावून घेतलं. आदिनाथचं वजन वाढत नव्हतं. सकाळी वर्गात तो झोपायचा. "रात्री नीट जेवतो का तो?" बाईंनी सहज विचारलं.

त्या दिवशी ती घरी येऊन कल्याणला म्हणाली, "मी नोकरी सोडते."

कल्याण मोरीत बसून नखांतलं ग्रीस काढत होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "बघ, तुला जमंल तसं."

सुकन्याला वाटलं होतं तो नको म्हणेल. ही नोकरी तिला सहज मिळाली नव्हती. लग्नानंतर पोरीला मांडीवर घेऊन तिनं अभ्यास केला होता, आणि निवड झाली तेव्हा माहेरी राहात्याला तिच्या वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. गाडीत चढल्यावर तिला जे मोकळं वाटायचं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी आगारात राजीनामा कसा द्यायचा असतो, हे दुसऱ्या दिवशी तिनं एका जुन्या सहकाऱ्याला विचारून ठेवलं.

त्याच आठवड्यात कल्याणचे वडील राहायला आले. सहादेवबाबांचं नगरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. गाव पार बोधेगावच्या पुढं, तिथं धूळ आणि चुलीचा धूर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धूर नको, जाळाची धग नको, वाकायचं नाही. म्हणून पुन्हा तपासायला जाईपर्यंत त्यांनी शेवगावातच राहायचं ठरलं. त्यांची बायको लंकाबाई म्हशीमुळे गावाकडंच थांबली. काळा चष्मा लावून बाबा दिवसभर दारात बसायचे आणि संध्याकाळी घरात काय चालतं ते गुपचूप बघायचे. आदिनाथ न जेवता झोपला ते त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं.

तिसऱ्या दिवशी सुकन्याचा फोन आला. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती आणि तिची गाडी मागं अडकली होती. किती वेळ लागेल सांगता येत नव्हतं.

"वडापाव आणतो," कल्याण म्हणाला आणि चप्पल घालायला लागला.

"डाळ हाय का घरात?" बाबांनी विचारलं.

"आसंल की. का?"

"तुरीची का?"

"मला काय म्हाईत, दादा," कल्याण बापाला म्हणाला.

कल्याणची नऊ वर्षांची लेक सृष्टी उठली आणि तिनं डबा काढून दाखवला. तुरीचीच होती.

"मला जाळापाशी जायला बंदी हाय," बाबा म्हणाले. "डाळफळं करायची. मी हितं बसून सांगतो. तू कर. चप्पल काढ."

कल्याण हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात मांडली आणि काळा चष्मा लावलेलं तोंड ओट्याकडं करून ते बसले. कल्याणनं आयुष्यात चहापलीकडं काही केलं नव्हतं. पण बाप दारात बसल्यावर त्याला हलता येईना.

डाळ धुऊन, हळद टाकून कुकरला लागली. शिट्ट्या होईस्तोवर कणीक मळायची होती. पाणी जास्त झालं, मग पीठ टाकलं, मग तेही जास्त झालं. सृष्टी खुदूखुदू हसत होती. "घट्ट ऱ्हाऊ दे. चपातीवानी मऊ नको," बाबा म्हणाले. "आता लाट. गोल कशाला करतोस, कापायचीच हाय." कल्याणनं वेडीवाकडी पोळी लाटली आणि सुरीनं तिचे चौकोन केले. आदिनाथला ते तुकडे, म्हणजे फळं, ताटात मांडायचं काम मिळालं. तो ते इतक्या मन लावून करत होता की टीव्ही बंद आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

कढईत तेल तापलं. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण. लसूण जरा करपला. घोटलेली डाळ टाकली, काळं तिखट, मीठ, चिमूटभर गूळ, वर भरपूर पाणी. उकळी फुटली तसं एकेक तुकडा आत सोडायचा होता.

"येकदम नको टाकू. गोळा हुईल," बाबा म्हणाले.

कल्याण एकेक तुकडा सोडत राहिला. घरभर वास सुटला. आणि तो वास नाकात गेल्यावर त्याचा हात थांबला. हा वास त्याला ठाऊक होता. लहानपणी कधीतरी, उघड्यावर, थंडीत, अंगावर गोधडी घेऊन त्यानं हे खाल्लं होतं.

"आई करायची हे," तो म्हणाला. "कारखान्यावर, ऊसतोडीला जायचो तेव्हा. कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत."

बाबांनी मान हलवली.

"तुझ्या आईनं न्हाई केलं," मग ते म्हणाले. "मी केलं."

कल्याणनं मागं वळून बघितलं.

"तू आदिनाथायवढा हुतास. त्या साली ऊस तोडताना तुझ्या आईच्या हाताला कोयता लागला. टाकं पडलं. येका हातानं फडात राबायची, पर पीठ कसं मळनार. आमी फडातनं अंधार पडल्यावर यायचो, तवर तू उसाच्या वाढ्याच्या ढिगावर उपाशी झोपल्याला आसायचा. भाकरी मला थापता येत न्हवती. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीनं हे शिकवलं, म्हनली, येका भांड्यात सगळं हुतंय, बाप्या मानसालाबी जमंल. मंग हात बरा हुईस्तोवर रोज हेच."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"मीच म्हनलं, गावात सांगू नको. लोकं हसतील." बाबांनी चष्मा नीट बसवला. "आता वाटतं, सांगाया पायजे हुतं. गॅस बारीक कर. खाली लागंल."

सुकन्या घरी आली तेव्हा आठ कधीच वाजून गेले होते. गाडीत उभं राहून पाय भरून आले होते आणि आता घरी जाऊन काय करायचं, भात टाकावा की पोहे, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. दार उघडलं तर आदिनाथ जागा होता. पोट पुढं काढून तो तिच्याकडं आला. त्याच्या हनुवटीवर डाळ वाळली होती.

"आई, मी फळं मांडली," तो म्हणाला. "मी दोनदा घेतलं."

तिनं ओट्याकडं बघितलं. सगळीकडं पीठ सांडलं होतं, मोहरी शेगडीखाली गेली होती, कुकरचं झाकण जमिनीवर होतं. कल्याणनं तिच्यासमोर ताट ठेवलं. लसूण करपल्याची चव लागत होती आणि काही तुकडे मधे कच्चेच राहिले होते. सुकन्या खाली मान घालून सगळं जेवली. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा कल्याण तिच्या शेजारी येऊन बसला.

"नोकरी सोडू नको," तो हळूच म्हणाला.

"त्या दिवशी का नाही बोललास?"

"त्या दिवशी मला काय करायचं तेच कळंना. आज कळलं."

तिनं ताटातला शेवटचा तुकडा खाल्ला. मग म्हणाली, "उद्या लसूण मी ठेचून ठेवते. तू करपवतोस."

पुढचे दिवस काही सगळे सुरळीत गेले नाहीत. एकदा खिचडी इतकी खारट झाली की ती दगडाबाईंच्या गाईनंसुद्धा हुंगून सोडली. एकदा कल्याण वर्कशॉपमध्येच अडकला आणि पुन्हा भेळेवर भागवावं लागलं. वर्कशॉपमधल्या वाल्मिकला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर कल्याणला "आचारी" म्हणून हाक मारत होता. पण हळूहळू घराला एक वळण लागलं. सकाळी निघताना सुकन्या डाळ-तांदूळ धुऊन झाकून ठेवायची. रविवारी दोघं मिळून शेंगदाणे भाजून कूट करायचे, लसणाची चटणी कुटायचे. रोज भाजी, चपाती, वरण, भात असं चौरस ताट झालंच पाहिजे, हा हट्ट सुकन्यानं सोडून दिला. तो सोडताना तिला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. पिठलं-भात असेल त्या दिवशी पिठलं-भात. पोरं दिवेलागणीला जेवायची आणि ती आली की तिच्या ताटाशी येऊन पुन्हा एखादा घास मागायची.

बाबांना न्यायला लंकाबाई आल्या त्या संध्याकाळी नेमका कल्याण पोळी लाटत होता. त्या दारातच थांबल्या. हातातली पिशवी खाली ठेवली नाही.

"हे काय चाललंय," त्या म्हणाल्या. "बायकू कुठं गेली?"

"ड्युटीवर हाय, आई. येईल आता."

"मंग ती आल्यावर करंल की. गड्यानं आसं लाटनं घिऊन बसायचं व्हय?"

कल्याणचा हात थबकला. तेवढ्यात खुर्चीतून बाबांचा आवाज आला.

"लंके, हाताला कोयता लागला तवा तुला कोन खाऊ घालत हुतं, सांग त्याला."

लंकाबाईंनी डाव्या तळहाताकडं बघितलं. तिथं अंगठ्याच्या बुडाशी जुना, पांढरा पडलेला वण होता. मग पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या.

"सांगितलं व्हय तुमी," त्या म्हणाल्या. "मला तर शपथ घातली हुती." पिशवी ठेवून त्या आत आल्या आणि कढईत डोकावल्या. "मीठ लई घालायचं हे. पर मी कदी नाव ठिवलं न्हाई. आयतं मिळत हुतं." मग त्यांनी लेकाच्या हातातलं लाटणं घेतलं, जरा विचार केला, आणि परत त्याच्या हातात दिलं. "कर तू. मी हात-पाय धुते. लई भूक लागली हाय."

फेब्रुवारीत आगारात पुण्याच्या मुक्कामी गाडीची ड्युटी निघाली. गाडी दुपारी जायची, रात्री तिकडंच मुक्काम आणि सकाळी परत. सुकन्यानं अशी ड्युटी आजवर कायम नाकारली होती. तिनं घरी विचारलं तेव्हा कल्याण म्हणाला, "जा की. आठवड्यातनं एकदाच तर हाय."

पहिल्या मुक्कामाला पुण्याच्या स्टँडात गाडी लावून ती चहा घेत उभी होती तेव्हा घरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी आदिनाथचं कपाळ दिसलं, मग नाक.

"आज काय केलं रे?" तिनं विचारलं.

"मसालेभात. पप्पांनी वांगं टाकलं. मी काढून ठेवलं, पण सृष्टीदीदीनं मला खायला लावलं."

"कसं लागलं?"

त्यानं थोडा विचार केला. "बरं लागलं," तो म्हणाला. "तू जेवलीस का?"

"आता जेवते," सुकन्या म्हणाली. फोन ठेवून ती ड्रायव्हरसोबत कँटीनकडं निघाली, आणि चालता चालता तिला जाणवलं की तिला चांगलीच भूक लागली आहे.