कोपर राहिलं

या मंडळीत कुठलीही गोष्ट मतदान झाल्याशिवाय खरी ठरत नाही. पडद्यांचा रंग कोणता, चहा उपासनेआधी की नंतर, पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, सगळ्याला हात वर करून मत द्यायचं. बॅप्टिस्टांचं असंच असतं. त्यांच्यात पाळकाच्या डोक्यावर बसायला वरचा कोणी साहेब नसतो, जे काही असतं ते सभासदांची सभा. एकदा सभा चालू असताना वीज गेली, तर अंधार झाला आहे असं मानावं का, यावरही ठराव आला होता. तो बारगळला, कारण अंधारात हात मोजता येईनात.

अशा मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होत होती, आणि तिचा इतिहास लिहायचं काम निवृत्त हेडमास्तरांवर आलं होतं. वर्धापनाच्या रविवारी तो सगळ्यांसमोर वाचला जाणार होता. त्याआधी अर्थातच एकेक वाक्य सभेपुढे ठेवून मंजूर करून घ्यायचं होतं.

मागच्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईला त्यातलं एकच वाक्य हवं होतं. बाप्तिस्म्याचं कुंड आपल्या वडिलांनी बांधलं आणि ते या मंडळीचे सभासद होते, एवढंच. साठी उलटलेली बाई, बाजाराच्या तोंडाशी तिचं एका शटरचं दुकान, गळ्यात कायम टेप. आयुष्यात तिने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पण हे वाक्य ऐकायला ती महिनाभर आधीपासून जीव मुठीत धरून बसली होती, आणि त्याला कारण होतं.

कारण होतं कोपर.

बॅप्टिस्टांमध्ये तान्ह्या पोराच्या डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणसाने कळत्या वयात, आपल्या तोंडाने विश्वास कबूल करून, अख्खंच्या अख्खं पाण्याखाली जायला हवं. त्याशिवाय बाप्तिस्मा नाही, बाप्तिस्म्याशिवाय सभासदत्व नाही आणि सभासदत्वाशिवाय हात वर करायचा हक्क नाही. सुरुवातीची माणसं नदीवर जायची. मग व्यासपीठाच्या फळ्यांखाली कुंड बांधायचं ठरलं आणि ते शिंपिणीच्या वडिलांनी बांधलं. ते गवंडी होते, तेविशीतले, ताडमाड उंच. कुंड तयार झालं तेव्हा बाहेरगावचे एक पाळक आले. पहिली उतरली गवंड्याची धाकटी बहीण, सोळा वर्षांची. ती गेली आणि आली, नखाएवढीही कोरडी राहिली नाही. दुसरा उतरला स्वतः गवंडी. नाकावर रुमाल दाबून तो मागे कलला, पाळकांनी त्याला पाण्याखाली नेलं, आणि काठावर टॉवेल गुंडाळून उभी असलेली बहीण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली.

"दादाचं कोपर राहिलं."

पाहुण्या पाळकांना परतीची गाडी गाठायची होती. देव मन बघतो, असं म्हणून ते ओल्या कपड्यांनीच निघून गेले. मंडळीला मात्र मनापेक्षा कोपर जास्त स्पष्ट दिसलं होतं. विषय सभेत आला, रात्रीपर्यंत चघळला गेला आणि शेवटी पुढच्या सभेत घेऊ असं ठरलं. पुढच्या सभेत पुढच्या. असं ते घोंगडं शिंपिणीच्या जन्माआधीपासून भिजत पडलं होतं. दरम्यान गवंडी येत राहिला, मागच्या बाकावर बसत राहिला आणि प्रत्येक ठरावाला मतही देत राहिला, कारण देऊ नको असंही कोणी ठरवलं नव्हतं. फक्त मत देताना तो डावा हात वर करायचा. उजवा मांडीवर असायचा, रुमालाखाली झाकलेला. शिंपिणीला लहानपणी वाटायचं, वडिलांचा तो हात दुखतो. मोठेपणी कळलं तेव्हा तिला इतका राग आला, की महिनाभर ती चर्चला गेली नाही.

तिच्या आईने वेगळा उपाय केला. बाप्तिस्म्याचे पांढरे झगे तीच शिवायची. ते पाण्यावर फुगू नयेत म्हणून त्यांच्या घेरात शिशाचे गोळे शिवतात. त्या प्रसंगानंतर आईने बाह्यांतही, बरोबर कोपरापाशी, गोळे घालायला सुरुवात केली. आईमागून लेक तेच करत आली. शिवाय उंच माणसांनी कुंडात गुडघे मोडून जायचं अशी इथली रीत पडली. का, ते कोणाला माहीत नव्हतं. नव्या माणसांना वाटायचं, केवढी ही नम्रता.

तर सभा भरली. इतिहासाची पहिली पानं भराभर पास झाली. मग हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि कुंडाचं वाक्य वाचलं. शिंपिणीने पदराचं टोक घट्ट धरलं.

दातांचे डॉक्टर उठले. समोरच्याचा जबडा उघडा करून ठेवायची या गृहस्थांना सवय, आणि फाटे फोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी अदबीने विचारलं, की कुंड बांधलं हे ठीक, पण सभासद हे कशावरून. कोपराचा विषय तर अजून प्रलंबित आहे.

हेडमास्तर म्हणाले, मग आत्ता मत घेऊन टाकू. डॉक्टर म्हणाले, अवश्य, पण आधी एक अडचण. मंडळीचा पहिला कायमचा पाळक एका मताने निवडून आला होता, हे मघाशी पास झालेल्या पानावरच आहे. त्या सभेत गवंड्याने पाळकाच्या बाजूने मत दिलं होतं. गवंडी सभासद नसेल, तर दोन्ही बाजू सारख्या होतात आणि पाळक निवडून येत नाही. पाळक पाळक नसेल, तर त्याने दिलेले बाप्तिस्मे हे बाप्तिस्मे नव्हेत. आणि त्याच्यानंतरचे सगळे पाळक त्याच्याच हातून पाण्यातून निघालेले.

जो तो मनातल्या मनात आपापलं पाणी तपासू लागला.

"म्हणजे तुम्हीपण," हेडमास्तर हळूच म्हणाले.

डॉक्टर गपकन खाली बसले. मग पुन्हा उठून त्यांनी खुलासा केला, की आपण बसलो ते सभासद म्हणून नव्हे. तरुण पाळक व्यासपीठावरून उतरले आणि पाहुण्यांच्या रांगेत जाऊन बसले. कोपराचा निकाल लावायला सभासद हवेत, आणि सभासद आहेत की नाहीत हे कोपरावर. हेडमास्तरांनी दोनदा मत घ्यायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तेवढ्यात चहा आला. सभासद नसलेल्यांना चहा द्यावा का, असा प्रश्न निघाला, पण पाहुण्यांना द्यायची पद्धत होती. म्हणून सगळे पाहुणे झाले आणि यजमान कोणीच नसल्यामुळे एकमेकांनाच घ्या घ्या करू लागले.

शिंपिणीने कप खाली ठेवला. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त चीड येत होती. जन्मभर हात झाकून बसलेल्या माणसाच्या एका कोपरावर यांचं सगळं छप्पर उभं होतं, आणि तरी त्याच्या नावाला यांच्याकडे एक ओळ नव्हती.

"आत्या आहे," ती म्हणाली.

सगळे वळले. तिने समजावून सांगितलं, की आत्या वडिलांच्या आधी कुंडात उतरली होती, तेही बाहेरच्या पाळकांच्या हातून. तिचा बाप्तिस्मा कोणाच्या मतावर अवलंबून नाही. नव्वदीची आहे, मागच्याच गल्लीत राहते. विषयाचा निकाल लागल्याशिवाय पायरी चढणार नाही म्हणून तेव्हापासून घरी बसली आहे, पण सभासदत्व तिने सोडलेलं नाही.

चौघांनी जाऊन आत्याला तिच्या खुर्चीसकट उचलून आणलं. पाय पायरीला लागला नाही, त्यामुळे शपथही मोडली नाही. आत्या सुपारीएवढी उरली होती, पण डोळे लख्ख. तिने हॉलभर नजर फिरवली, पंखा तीनवर कशाला म्हणून विचारलं, आणि तो ताबडतोब दोनवर आला. सबंध मंडळीचं मत होतं ते.

हेडमास्तर तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी रीतसर सुरुवात केली, "प्रिय मंडळी." मग नजर खाली करून त्यांनी विचारलं, की त्या दिवशी कोपर ओलं झालं होतं का.

"कोरडं होतं," आत्या म्हणाली. "मी बघितलंय. शंभरदा विचाराल तर शंभरदा कोरडं."

आत्याला आपणच उचलून आणवलं, आपल्याच हाताने वडिलांना पुसून टाकलं, असं शिंपिणीला वाटलं.

"आता ठराव लिहून घ्या," आत्या पुढे म्हणाली. "ज्याने कुंड बांधलं तो या मंडळीचा सभासद. कोपरासकट." आणि तिने हात वर केला.

हॉलमध्ये सुटकेचा श्वास सुटला. एकमताने पास, असं हेडमास्तर म्हणणार, एवढ्यात डॉक्टर उठले. आपल्याला अतिशय वाईट वाटतं, ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ठरावाला अनुमोदक लागतो. मांडणाऱ्याने स्वतःच अनुमोदन द्यायचं नसतं, आणि दुसरा सभासद नाही.

"मग एक करू या," आत्या म्हणाली. तिने भाचीकडे बोट दाखवलं. "चल ग."

वर्धापनासाठी कुंड भरूनच ठेवलं होतं. फळ्या बाजूला झाल्या. शिंपीण मागच्या खोलीत गेली आणि तिने स्वतःच शिवलेला एक झगा खुंटीवरून काढला. घालण्याआधी तिने दोन्ही बाह्यांची शिवण दाताने उसवली आणि कोपरांतले गोळे काढून खिडकीत ठेवले. वडिलांच्या बाह्यांत गोळे नव्हते. वडील गेले तसंच तिला जायचं होतं.

पाणी थंडगार होतं. आधार द्यायला तरुण पाळक आत उतरले, केवळ एक माणूस या नात्याने, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं. आत्याची खुर्ची अगदी काठाला लावली. विश्वास आहे का, असं आत्याने विचारलं. आहे, शिंपीण म्हणाली. मग तिने वडिलांसारखाच रुमाल नाकावर धरला. गुडघे मात्र मोडले नाहीत.

"उंच आहेस," आत्या एकदम म्हणाली. "त्याच्यावर गेलीस. हे कुंड माझ्या मापाचं आहे, माहितीये का तुला? दादा म्हणाला, पहिली तू जाणार, झोप बघू जमिनीवर. विटेच्या तुकड्याने माझ्याभोवती रेघ मारली त्याने. मी म्हटलं, आणि तू? तर म्हणे, मी मावेन कसातरी."

शिंपिणीने डोळे मिटले आणि ती मागे कलली.

पाणी तोंडावरून गेलं. डोकं एका भिंतीला टेकलं, टाचा दुसरीला, आणि उजवं कोपर काठाच्या विटेवर आपटून वर सरकलं. बाकी सगळं पाण्यात आणि कोपराला तेवढा वारा लागतोय, हे तिला स्वच्छ जाणवलं. वडिलांनाही जाणवलं असणार. मावायला जागाच नव्हती. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

मग त्या कोपरावर एक हात आला. हाडकुळा, थरथरणारा, पण जोर चांगला होता. त्याने कोपर खाली दाबलं, पाण्याखाली नेलं आणि क्षणभर तिथेच धरून ठेवलं.

ती वर आली तेव्हा आत्या खुर्चीतून जवळजवळ कुंडात वाकली होती, खांद्यापर्यंत भिजलेली, आणि दोघेजण तिला मागून धरून होते.

"त्या दिवशी मी ओरडले," आत्या म्हणाली. "नुसतं दाबायचं होतं ग."

पाळक पाण्यात तसेच उभे होते. हेडमास्तरांनी घसा साफ केला आणि ठराव पुन्हा वाचला, या वेळी गवंड्याचं नाव घालून. वडिलांचं नाव या हॉलमध्ये मोठ्याने घेतलेलं शिंपिणीने पहिल्यांदा ऐकलं. अनुमोदन कोणाचं, असं त्यांनी विचारलं.

शिंपिणीने उजवा हात वर केला, होता तेवढा उंच. बाही खाली घसरली आणि कोपरावरून पाणी टपटप गळू लागलं.

"माझं," ती म्हणाली, आणि डॉक्टर बसून राहिले.