पावणेतीन पौंडांची पोर

माझी आजी जनाबाई इंदूरच्या कापड मिलच्या इलाक्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात सत्तावीस वर्षं नर्स होती. ती ऐन तरुणपणी विधवा झाली, नर्सिंग शिकली, आणि माझी आई गेल्यावर मलाही तिनंच वाढवलं. तिकडच्या माणसांना ती आजही आठवते ती त्रेपन्न सालच्या एका पोरीमुळे.

इंदूर तेव्हा मध्य भारत नावाच्या राज्यात होतं, ते दिवस. कडाक्याच्या पौषात लक्ष्मण नावाच्या मिलमजुराची बायको मंगला सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, वजन पावणेतीन पौंड. डॉक्टर म्हणाले, "हिची आशा धरू नका."

लक्ष्मणची आई गंगूबाई म्हणाली, "पोरगीच आहे. जाऊ द्या."

"जाईल तेव्हा बघू," आजी म्हणाली. "तोवर ती माझ्याकडे आहे."

तिनं पोरीला कापसात लपेटून करंडीत ठेवलं आणि भोवती गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावल्या. पाणी निवलं की बदलायच्या. मंगलाचं दूध वाटीत काढून ड्रॉपरनं थेंब थेंब पाजायचं. कापूस संपला तेव्हा लक्ष्मणचे सोबती मिलच्या साहेबांना विचारून पोतंभर घेऊन आले. "बाई, अजून लागला तो बोलना!"

आजी घरी जेमतेम यायची. मी रुसून म्हटलं, "तुला तीच लाडकी." तिनं मला हात धुवायला लावले आणि करंडीपाशी नेलं. त्या पोरीनं माझं बोट धरलं ते सोडेचना.

बाविसाव्या दिवशी दुपारी तिचा श्वास थांबला, ओठ निळे पडले. आजीनं तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. गंगूबाई दारात थिजून उभी होती. मग पोर रडली, पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं. त्या आवाजासरशी गंगूबाईही हमसून रडायला लागली. त्या दिवसापासून बाटल्यांचं पाणी तीच तापवायची.

दोन महिन्यांनी पोर साडेपाच पौंडांची झाली. डॉक्टरांनी काटा दोनदा पाहिला. "जनाबाई, मी हरलो."

"हरला कसले, साहेब! आपण जिंकलो."

लांबलेल्या बारशाला अख्खी वस्ती लोटली. आजी मागे भिंतीशी उभी होती. विधवेनं अशा वेळी पुढे यायचं नसतं, हे ती जाणून होती. पोरीला पाळण्यात घालायला सवाष्णी पुढे सरल्या, तशी गंगूबाई म्हणाली, "थांबा. जिनं हिला मरू दिलं नाही, तीच हिला पाळण्यात घालेल. कुणाला खटकत असेल त्यानं उठून जावं."

कुणीही उठलं नाही.

आजी पुढे आली. पोरीला पाळण्यात ठेवून तिनं कानात नाव सांगितलं, "लीला." बाहेर लक्ष्मणच्या सोबत्यांनी ताशा कडाडवला. मुलीच्या बारशाला ताशा त्या वस्तीत कधी वाजला नव्हता. बायका आजीभोवती जमल्या, कुणीतरी तिच्या ओंजळीत पेढे कोंबले, आणि माझी आजी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांसमोर खळखळून हसली.