हेस्टरची बांधून घ्यायची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या एका सुताराने मला घडवले, ते चारचौघींसारखे स्वयंपाकघरात राहायला. पण माझी गाठ पडली हेस्टर गार्साइड या लेखिकेशी. ती प्रेमाच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्या लिहायची. प्रत्येक कादंबरीत नायिकेला कोणीतरी खुर्चीला बांधायचेच, आणि ती खुर्ची मी!

स्वतः करून पाहिल्याशिवाय हेस्टर एक ओळ लिहीत नसे. शेजारच्या एडनाला ती बोलावून घ्यायची.

"घट्ट बांध गं. दयामाया नको."

"शेळीला बांधते तशीच बांधलीय. आता सुटून दाखव बघू!" असे म्हणून एडना मटार सोलत बसायची.

हेस्टर घामाघूम व्हायची, पण माझ्या पाठीच्या दांडीवर दोरी घासून घासून दर वेळी आपली आपणच सुटायची. त्या खाचा अजून माझ्या अंगावर आहेत. मला त्यांचा फार अभिमान आहे.

मग लंडनहून प्रकाशक पेलमसाहेब यायचे, आणि नेमके माझ्यावरच बसायचे.

"बाई, नायिका स्वतःच सुटली, तर नायकाने करायचं काय?"

"चहा टाकावा," हेस्टर म्हणायची.

साहेब हसायचे आणि शेवट बदलून टाकायचे. पुस्तक छापून आले की दोरी कापायला नायक सुरी घेऊन हजर!

"हा मेला कुठून उपटला? बांधलं मी, सुटलीस तू!" एडना पुस्तक आपटायची.

हेस्टरने प्रकाशक बदलून पाहिला. त्यालाही सुरीच हवी होती. "निदान एक तरी बाई आपली आपण सुटलेली छापा रे," असे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. तशी एकही छापली गेली नाही. लोकांनी वाहवा केली, ती सगळी त्या सुरीची! माझा नुसता जळफळाट व्हायचा, पण खुर्चीचे ऐकतो कोण?

आता हेस्टर नाही. तिचे घर पाहायला लोक येतात. "या खुर्चीवरून नायक नायिकेला सोडवायचा," असे घर दाखवणारी बाई सांगते. आणि माझ्या खाचा? म्हणे उंदरांनी कुरतडल्या! वर कोणी बसू नये म्हणून माझ्या दोन्ही हातांना आडवी दोरी बांधून ठेवली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या जपू नका, त्यांच्या अंगावरच्या खुणाही नीट पाहा. कधी आलात तर माझ्या पाठीवरून बोट फिरवा. आणि तेवढी ती दोरी सोडा. सुरी आणू नका. ती गाठ काही एडनाची नाही, हातानेच सुटेल.